एकही लाल लिंक नको

१२ जानेवारी २००४, सोमवार

आमच्या घरात बोलणं हिंदीत आणि वाचणं उर्दूत. माझं गिचमिड मराठी अक्षर अब्बांनाही लागत नाही, धाकट्या भावाला, जिशानला, तर नाहीच. म्हणून ही डायरी मराठीत.

आजचा दिवस वाया गेला. शुक्रवारी माझ्या कॉम्प्युटरवरच्या पुस्तकाची सगळी पानं तपासून मी निवांत घरी आले होते. आज उघडलं तर 'वाहक कोणाला म्हणायचं' यावर क्लिक केलं की कार्डाच्या डाव्या बाजूला किती जागा सोडायची ते येतं! अंकुशभाऊंनी शनिवारी येऊन प्रोग्रामच्या फाइलच्या डोक्यावर चार ओळी घातल्या. वर ओळी वाढल्या की खालच्या सगळ्या सरकतात. माझी लिंक मात्र जुन्याच नंबरावर जाऊन उभी राहते.

आमची संस्था गावोगाव सिकलसेलची, म्हणजे आईबापाकडून मुलांत येणाऱ्या रक्ताच्या आजाराची, तपासणी करते. रक्ताचा थेंब घ्यायचा (बाळांचा टाचेतून), निकाल कॉम्प्युटरमध्ये भरायचा, की कार्ड निघतं: आजार नाही, वाहक (स्वतः बरा, पण आजार मुलांपर्यंत पोचवू शकणारा), किंवा रुग्ण. तो प्रोग्राम अंकुशभाऊंनी एकट्यानं लिहिलाय. मार्चअखेर तो नागपूरच्या मुख्य ऑफिसकडे जाणार. तिथल्या माणसांना समजावं म्हणून पुस्तक लिहायचं काम माझं. प्रत्येक नियम साध्या मराठीत लिहायचा आणि पुढे लिंक द्यायची. ती दाबली की नियम कोडमध्ये जिथे लिहिलाय, नेमकी ती ओळ उघडली पाहिजे. उघडली तर निळी ठेवते. नाही उघडली तर लाल रंग देते, म्हणजे विसरायला होत नाही.

ऑफिसचे प्रमुख वामनराव सर माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "महेक, नागपूरवाल्यांसमोर एकही लाल लिंक नको बरं. पुस्तक पास झालं त तुझं पुढच्या वर्षाच्या नोकरीचं बोलतो मी."

नाही झालं तर काय, ते मी विचारलं नाही.

१४ जानेवारी, बुधवार

अंकुशभाऊ पुन्हा गैरहजर. सोमवारी होते तेव्हाही दिवसभर स्वेटर घालून, बाजूला पाण्याची मोठी बाटली घेऊन बसले होते. डोळे पिवळट. रात्री जागतात वाटतं. मी ओळींचं विचारलं तर म्हणाले, "करून देतो. आज राहू दे." मला वाटतं हैदराबादला नोकरी शोधत आहेत. मागच्या महिन्यात दोनदा न सांगता गायब होते आणि परत आले तेव्हा चेहरा असा, जणू मुलाखतीत कोणी अपमान केलाय.

ते गेले तर माझं काय? कोड त्यांच्या डोक्यात, आणि माझ्याजवळ फक्त ओळींचे नंबर.

२० जानेवारी, मंगळवार

आज एक लाल लिंक कमी केली. बरेच दिवस छळत होती. नियम असा: सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आजार असला तरी आपल्या तपासणीत तो दिसत नाही, म्हणून त्याच्या कार्डावर 'आजार नाही' असं छापायचं नाही, 'सहा महिन्यांनंतर पुन्हा तपासा' छापायचं. माझी लिंक ज्या फाइलवर जात होती ती फाइलच आता नाही. अंकुशभाऊंनी नोव्हेंबरात मोठ्या फाइलचे तुकडे केले तेव्हा गेली. क्लिक केलं की 'पान सापडले नाही'.

ते आले नव्हतेच. मग मी सगळ्या कोडमध्ये 'सहा महिने' शोधलं आणि एका फाइलमध्ये नियम जसाच्या तसा सापडला! तिथे लिंक दिली. निळी झाली. किती बरं वाटलं.

संध्याकाळी ते थोडा वेळ आले तेव्हा सांगितलं. टेबलावर डोकं टेकूनच म्हणाले, "असं मले विचारल्याबिगर नको करू महेक." मला राग आला. विचारायला माणूस जागेवर तरी असावा.

३ फेब्रुवारी, मंगळवार

ईदची सुट्टी संपली. अब्बांच्या दुकानातल्या शिलाई मशीनवाल्यांनीही विचारलं म्हणे, पोरगी काय काम करते. अब्बांनी सांगितलं, "कॉम्प्युटर में रास्ते बनाती है." मी हसले, पण दिवसभर तेच आठवत राहिलं.

सरांनी आज लाल लिंका मोजायला लावल्या. मग म्हणाले, पुस्तकात गावातलं एक उदाहरण टाक, नागपूरवाल्यांना बरं वाटेल. पुढच्या आठवड्यात गावोगाव कार्ड वाटणाऱ्या बुधरीबाईंसोबत जीपमध्ये जायचं आहे.

११ फेब्रुवारी, बुधवार

हे आजच्या आज लिहायलाच हवं.

गोंडपिपरीच्या पुढे, पक्का रस्ता संपल्यावर जंगलात कोसमटोला म्हणून गाव आहे. बुधरीबाई आमच्या आरोग्यसेविका. त्या भागातलं घर न् घर त्यांना माहीत, गोंडी त्यांची घरची भाषा. त्या कार्ड वाटत होत्या आणि मी फोटो काढत होते. एका अंगणात सोमारी नावाची बाई बाळाला तेल लावत होती. मुलगी, नाव दीपिका. खूप गोड. माझं बोट पकडून सोडेचना.

"हिची तपासणी झाली का?" मी सहज विचारलं.

सोमारीनं आत जाऊन प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं कार्ड आणलं. 'आजार नाही.' खाली तारीख नोव्हेंबरची.

"हिचा जन्म कधीचा?"

"पोळ्याच्या हप्त्यातली आहे," बुधरीबाई म्हणाल्या.

पोळा ऑगस्टअखेर होता. म्हणजे तपासणी झाली तेव्हा ही तीन महिन्यांचीही नव्हती. तिला हे कार्ड मिळायलाच नको होतं. नियम मी स्वतः लिहिलाय, मला तोंडपाठ आहे.

सोमारी हसून मला काहीतरी म्हणाली. बुधरीबाईंनी सांगितलं, "म्हणते, घरात दोघाजणायले हा रोग होता. हे कार्ड आल्यापासून झोप लागते म्हणते."

मी मान डोलावली. फोटो काढला आणि जीपमध्ये बसले.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी येताच ती लिंक दाबली. नियम जागच्या जागी आहे. शब्द न् शब्द बरोबर. बाळाचं वय बघतो, सहा महिन्यांपेक्षा कमी असेल तर 'पुन्हा तपासा'. मग त्या कार्डावर 'आजार नाही' कसं आलं?

जन्मतारीख चुकीची भरली असेल. तसंच असेल.

नाही. दुपारी नोंद काढून पाहिली. जन्म २८ ऑगस्ट. बरोबर भरलेली आहे.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

खोटं नाव घालून एक बाळ भरून पाहिलं. वय दोन महिने. कार्ड छापलं: 'आजार नाही'.

पुन्हा भरलं. पुन्हा तेच.

नियम लिहिलेला दिसतोय आणि चालत नाहीये. असं कसं होऊ शकतं हे मला कळत नाही, आणि ज्याला कळेल तो माणूस सोमवारपासून ऑफिसात नाही. सर म्हणतात, फोन नाही, निरोप नाही. मला तर वाटतं अंकुशभाऊंना हे माहीत आहे. म्हणूनच तोंड लपवून बसलेत. कदाचित हैदराबादला पोचलेही असतील. आपलं पाप आमच्या गळ्यात घालून गेले!

अम्मी म्हणाली, जेवत का नाहीस. मी म्हटलं, पोट दुखतंय.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

आज सरांना न सांगता अंकुशभाऊंच्या खोलीवर गेले. पत्ता पगाराचा हिशेब ठेवणाऱ्या मुलाकडून घेतला. घरमालकीण गिरजाबाई वाटाणे सोलत बसल्या होत्या. मी चांगलीच तावात होते. म्हटलं, "अंकुशभाऊ गेले का गाव सोडून?"

त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. "कुठी जाते बाई तो? सरकारी दवाखान्यात आहे. आठ दिस झाले. आंग दुखते आंग दुखते म्हणून लेकरासारखा रडत होता. रिक्षात घालून मीच नेलं. ऑफिसात सांगू नको म्हणे."

दवाखान्यात वॉर्डाच्या टोकाला ते झोपले होते. हाताला सलाइन, गुडघ्याखाली गुंडाळलेली चादर. मला पाहून उठायला लागले आणि दुखण्यानं तोंड वाकडं झालं. पलंगाला अडकवलेल्या कागदावर आजाराचं नाव लिहिलं होतं. ते मी रोज लिहिते. दिवसातून पन्नास वेळा लिहिते.

मी बाजूच्या स्टुलावर बसले.

"तुम्ही सांगितलं का नाही कधी?"

"काय सांगू?" ते हळू हळू बोलत होते. "सांगितलं असतं त तुम्ही सगळे माझ्याकडे कार्डासारखं पाह्यले असते. घरी पोरगी पाहून राह्यले माझ्यासाठी. अन् तुले कळलं कसं नाई महेक? तू त अख्खं पुस्तक लिवून राह्यली."

स्वेटर. पाणी. पिवळे डोळे. सांधे. सगळं पुस्तकाच्या दुसऱ्याच पानावर आहे. पान मीच लिहिलंय.

मी रडायला लागले. मग घाईघाईनं कोसमटोल्याचं सांगितलं, कारण ते सांगितल्याशिवाय राहवेना. आजारी माणसापुढे असं करायला नको होतं.

त्यांनी डोळे मिटून घेतले. मग विचारलं, "तुझी लिंक कोणत्या फाइलवर जाते?"

मी नाव सांगितलं.

"ते जुन्या मोठ्या फाइलीची कॉपी आहे, दुसऱ्या नावानं ठेवलेली. प्रोग्राम तिले बोलावतच नाई. नोव्हेंबरात सगळं नव्या फाइलीत नेलं, तेव्हा हा नियम न्यायचा राहून गेला. तेव्हाही असंच दुखून राह्यलं होतं. ते कॉपी खोडाचीच होती, तेही राह्यलं."

म्हणजे मी पुस्तकात एका बंद खोलीचा पत्ता दिला होता. आत सगळं नीटनेटकं मांडलेलं, पण तिथे कोणी राहत नाही. लिंक लाल राहिली असती तर नागपूरवाल्यांनी विचारलं असतं, हा नियम कुठे आहे? मी ती निळी केली. आता कोणीच विचारलं नसतं.

"चूक माझी आहे," ते म्हणाले.

मी म्हटलं, "माझीपण." त्यांनी नाही म्हटलं नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार

पुन्हा दवाखान्यात. त्यांनी सांगितलं तसं लिहून घेतलं आणि ऑफिसात येऊन नव्या फाइलमध्ये नियम घातला. घालताना तीनदा चुकले. शेवटी खोट्या बाळाचं कार्ड 'पुन्हा तपासा' असं निघालं. यापुढे लिंक ओळीच्या नंबरावर द्यायची नाही असंही ठरलं. कोडमध्ये प्रत्येक नियमाला नाव द्यायचं आणि लिंक त्या नावावर. ओळी सरकल्या तरी नाव सोबत सरकतं. ते म्हणाले, "हे पयलेच कराले पाह्यजे होतं. मी नसलो तरी सापडलं पाह्यजे."

मी नसलो तरी म्हणजे काय, हे आता मला विचारावं लागत नाही.

नोव्हेंबर ते आज. एवढ्या दिवसांत किती बाळांना ते कार्ड गेलं? यादी काढायला बसले आणि काढता काढता थांबले. अजून सरांना सांगितलेलं नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

सांगितलं. अंकुशभाऊंच्या आजाराचं मात्र बोलले नाही, ते त्यांचं त्यांनी सांगावं.

वामनराव सरांनी आधी दार लावलं. मग म्हणाले, "दुरुस्त झालं ना? मंग झालं. नागपूरवाले येऊन जाऊ दे. मग पाहू."

"सर, तोवर ज्या बाळांना ताप येईल, हातपाय सुजतील, त्यांचे आईबाप दवाखान्यात सांगतील आजार नाही म्हणून. कार्ड दाखवतील आपलं."

"तुले समजते का काय बोलून राह्यली तू? तुझी नोकरी जाईन. माझी जाईन. पंधरा माणसं आहेत या ऑफिसात."

मी खूप घाबरले होते. खरं तर 'बरं सर' म्हणून बाहेर आले. हे इथे खरं लिहायला हवं. बाहेर येऊन जागेवर बसले, पुस्तक उघडलं, त्या नियमाची लिंक लाल केली आणि खाली एक ओळ लिहिली: हा नियम नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत बंद होता. पान छापून त्यांच्या टेबलावर ठेवलं आणि घरी पळून आले.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

सरांनी सकाळीच आत बोलावलं. टेबलावर माझं पान. त्यांचे डोळे सुजलेले होते. मला वाटलं, संपलं.

त्यांनी माझ्यासमोर नागपूरला फोन लावला. आधी स्वतःचं नाव सांगितलं. मग एका दमात सगळं सांगून टाकलं, मध्ये कुठे माझं नाव घेतलं नाही, अंकुशभाऊंचंही नाही. 'आमच्याकडून' म्हणाले. पलीकडून बराच वेळ कोणीतरी ओरडत होतं, मला ऐकू येत होतं.

फोन ठेवून म्हणाले, "जीप सांगतो. यादी काढ."

९ मार्च, मंगळवार

यादीतल्या सहा महिने पूर्ण झालेल्या बाळांना पुन्हा तपासत फिरतोय, इतके दिवस लिहायला वेळच झाला नाही. मूल तालुक्यातली गावं झाली, कोरपन्याकडची झाली. बहुतेक बाळं ठीक निघाली. काही वाहक. मूल गावाजवळ एक मुलगा रुग्ण निघाला. त्याच्या आजोबांनी आम्हाला शिव्या दिल्या आणि मग जेवायला वाढलं.

आज कोसमटोला. दीपिकाला सहा महिने पूर्ण झाले म्हणून आजचा दिवस धरला होता. तिचा बाप जंगू बाहेर उभा होता. सोमारी दारात आडवी उभी राहिली. बुधरीबाईंनी सगळं समजावलं. सोमारी मला समजावं म्हणून मुद्दाम मराठीत बोलली, तोडून तोडून.

"एकदा सांगतलं रोग नाई म्हणून. आता म्हणता पाहू दे. उद्या आणखी काय म्हणाल?"

बुधरीबाईंनी तपासणीचं सामान पिशवीत परत भरलं. दीपिका आत रडत होती. आम्ही परत आलो.

२३ मार्च, मंगळवार

अंकुशभाऊ आठवडाभरापासून ऑफिसात येतात. आज म्हणाले, कोसमटोल्याला मीपण येतो. जीपच्या हादऱ्यांनी त्यांचा चेहरा पांढरा पडत होता. मी दोनदा म्हटलं, परत फिरू. ऐकलं नाही.

गाव रिकामंच होतं. सगळे पहाटेपासून मोहफुलं वेचायला गेलेले, परत यायला ऊन चढलं. सोमारी टोपली घेऊन आली, पाठीवर दीपिका. मी आधी तिची बोटं पाहिली. दोन्ही हात फुगलेले, बोटं ताठ.

"विंचू चावला असन," जंगू म्हणाला. दोन्ही हातांना?

सोमारीनं आम्हाला पाहून तोंड फिरवलं. अंकुशभाऊ अंगणात सुकत घातलेल्या मोहाच्या कडेला खाली बसले. बसायला त्यांना वेळ लागला, आधी एक हात टेकला, मग दुसरा. सोमारी बघत होती. मग ते गोंडीत बोलायला लागले.

त्यांना गोंडी येते हे मला माहीत नव्हतं, आणि मला तर ती येतच नाही. ते बोलत राहिले, हळू, मान खाली घालून. एकदा गुडघ्यावर हात ठेवला. एकदा पापणी ओढून डोळा दाखवला. जंगू जवळ येऊन उकिडवा बसला. सोमारीनं एकच प्रश्न विचारला, त्यावर अंकुशभाऊ हसले आणि बोटं मिटून उघडून वय सांगितलं. सत्तावीस. ती त्यांच्याकडे पाहत राहिली, पायांपासून डोक्यापर्यंत.

"काय सांगितलं त्यांनी?" मी बुधरीबाईंना विचारलं.

बुधरीबाई पदरानं डोळे पुसत होत्या. "आपलंच सांगितलं. माय पाठीवर घेऊन कशी दवाखान्यात जात होती ते."

सोमारीनं पाठीवरचं कापड सोडलं, दीपिकाला मांडीवर घेतलं आणि तिची इवलीशी टाच आमच्यापुढे धरली.

३० मार्च, मंगळवार

उद्या नागपूरवाले येणार. पुस्तकात अजून बऱ्याच लिंका लाल आहेत. जिथे नियम खरंच चालतो असं मी कार्ड छापून पाहिलंय, तेवढ्याच निळ्या ठेवल्या. सरांनी या वेळी लाल लिंका मोजायला लावल्या नाहीत. माझं पुढच्या वर्षाचं काय, ते अजून ठरलेलं नाही. भीती वाटते. अब्बांना अजून सांगितलेलं नाही.

दीपिकाचं कार्ड 'रुग्ण' निघालं. नागपूरच्या मोठ्या तपासणीतही तेच. आज ते द्यायला आम्ही तिघं गेलो. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बुधरीबाईंनी समजावल्या, ताप आला तर लगेच कुठे न्यायचं ते सांगितलं. मी घोकून गेले होते, सोमारी रडली तर काय बोलायचं. ती रडली नाही. दीपिकाच्या बोटांची सूज आता उतरली होती. दीपिका कार्डाचा कोपरा तोंडात घालायला बघत होती.

सोमारीनं अंकुशभाऊंना गोंडीत काहीतरी विचारलं. त्यांनी उत्तर दिलं, त्यात 'धानोरा' आणि 'आश्रमशाळा' एवढं मला कळलं. तिनं पुन्हा काही विचारलं. या वेळी त्यांनी आधी दीपिकाच्या मुठीतून कार्ड सोडवलं.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"मी कोणत्या शाळेत शिकलो ते विचारलं," अंकुशभाऊ म्हणाले. "अन् आता विचारून राह्यली, तिथी पोरीले घेतात का."